धुरावर टांगलेलं बी

माझ्या नवऱ्याच्या कानावर कायम एक बिडी असायची. जेवताना असायची, देवापुढं हात जोडताना असायची. माझ्या बापाच्या पाया पडताना एकदा ती खाली पडली, तर त्यानं आधी बिडी उचलली आणि मग आशीर्वाद घेतला. हा माणूस मला कधी आवडला नाही, असं मी आता लिहिलं तर लोक म्हणतील, एवढं आयुष्य काढल्यावर आता कशाला. पण खोटं लिहायचं असतं तर मी वही हातातच घेतली नसती. मला तो आवडला नाही, आणि त्याच्या बिडीचा वास आजही कुठं आला तर मी जागा बदलते.

सासर झरीकडचं. जमीन काळी, पोटापुरती आणि त्याहून थोडी जास्त. घरात माणसं तीनच, सासू, नवरा आणि मी. स्वयंपाकघरात चुलीच्या बरोबर वर, आढ्याला ज्वारीची निवडक कणसं घोसानं टांगलेली असायची. ते पुढच्या पेरणीचं बी. चुलीचा धूर रोज लागला की बियाला कीड लागत नाही, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. कणसं काजळीनं काळी व्हायची, पण चोळून पाखडली की आतला दाणा मोत्यासारखा निघायचा.

ते बी उगवतं का, हे पेरणीआधी बघायचं काम माझं होतं. शंभर दाणे मोजायचे, ओल्या बारदानावर ओळीनं मांडायचे, गुंडाळी करून कोपऱ्यात ठेवायची, वरून रोज पाणी शिंपडायचं. चौथ्या दिवशी गुंडाळी उलगडून कोंब मोजायचे. नव्वदीच्या वर आले तर बी चांगलं, साठ-सत्तर आले तर पेरताना दाट पेरायचं, त्याहून कमी आले तर दुसऱ्याकडून बी आणायचं. हे काम मला चांगलं जमायचं. सासू म्हणायची, "तुज्या हाताला बी लागतंय, पोटालाच तेवढं लागंना."

असं ती भाकरी थापता थापता म्हणायची, आवाज न चढवता. लग्नाला सहा वर्षं झाली होती. पेरणीच्या दिवशी तिफणीच्या चाड्यात पहिली मूठ टाकायला गावातली लेकुरवाळी बोलावून आणत. मी बांधावर पाण्याची घागर घेऊन उभी. बी तपासायला माझा हात चालायचा, कारण तपासलेलं बी पेरत नसतात. मोजून झालं की ते कोंब म्हशीच्या पुढ्यात टाकायचे.

सहा वर्षांत मला जे जे पाजलं, खायला घातलं, ज्या ज्या ठिकाणी डोकं टेकवायला नेलं, त्याची यादी मी करणार नाही. नवऱ्याला मात्र कुणी एक चमचा काढासुद्धा पाजला नाही. तो दुपारभर पारावर असायचा. नामांतराची पहिली दंगल होऊन वर्ष झालं होतं. आमच्या भागात गावकुसाबाहेरची घरं जळली होती, आणि पारावरची माणसं त्यावर बिड्या ओढत बोलत बसायची. विद्यापीठाचं नाव बदलू द्यायचं नाही, यावर माझा नवरा मोठ्या तावानं बोलायचा. तो चौथीत शाळा सोडून आलेला. त्या विद्यापीठाशी त्याचा संबंध काय होता, हे मला आजवर कळलेलं नाही.

शेवटी परभणीला एका डॉक्टरीणबाईंकडे जायचं ठरलं. तेही मीच धोसरा लावला म्हणून. एसटीनं गेलो. बाईंनी मला नीट तपासलं, पाळीचं विचारलं, दोन-तीन तपासण्या करून घेतल्या आणि पुढच्या खेपेला सांगितलं की वरवर तरी काही दोष दिसत नाही. मग माझे दात बघून म्हणाल्या, "मिसरी किती वर्षांपासून लावता?"

मी दहा वर्षांची असल्यापासून मिसरी लावत होते. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची, सकाळी बोटानं दातांना घासायची आणि मग दिवसातून आणखी चार वेळा. आमच्याकडं बायका त्याला व्यसन म्हणत नाहीत, दात घासणं म्हणतात. बाई म्हणाल्या, तोंडातली असो की धुरातली, तंबाखू ती तंबाखू. बाईच्या अंगात बी जन्मतःच येतं, जेवढं आलं तेवढंच. नवं तयार होत नाही. तंबाखूनं ते लवकर संपतं, खराब होतं, आणि नवऱ्याच्या बिडीचा धूर घरात कोंडला तर तोही बायकोच्या अंगात जातो. मी मान खाली घालून ऐकलं.

नवरा बाहेर पायरीवर बिडी ओढत बसला होता. त्याला आत बोलावलं. दिवसाला किती ओढता, विचारल्यावर तो म्हणाला, मोजल्या नाहीत. बंडल सकाळी उघडलं की संध्याकाळी संपतं, एवढं त्यानं कबूल केलं. बाईंनी त्याला सांगितलं की बिडीनं पुरुषाचं बी कमी होतं, अशक्त होतं, त्याचा आकार बिघडतो, ते पुढं सरकत नाही. म्हणून त्याचीही तपासणी करायची. नवरा हसला. अगदी मनापासून हसला.

"बाई, आमी शेतकरी मानसं. आमी बी धुरावरच टांगतो. धुरानं बी टिकतंय, मरत न्हाई."

बाईही हसल्या, पण लगेच थांबल्या. म्हणाल्या, "ते झोपलेलं बी असतं. तुमचं अंगात रोज नवं तयार होतं आणि ते तयार व्हायला साधारण तीन महिने लागतात. तीन महिने बिडी सोडा, नंतर येईल ते बिनधुराचं असेल. तुम्हाला ही सोय आहे. हिला नाही."

हे शेवटचं वाक्य त्या दिवशी माझ्या कानात बसलं ते बसलं. त्याला तीन महिन्यांत नवं पीक. मला एकदाच भरलेली कणगी, आणि तिला भोक.

तपासणीच्या चिठ्ठीवर नाव घालायचं होतं. नवऱ्यानं नाव सांगितलंच नाही. विद्यापीठाच्या नावासाठी मरायला तयार असलेला माणूस स्वतःचं नाव एका कागदाच्या चिटोऱ्यावर घालू देईना. आम्ही तसेच परत आलो. एसटीत तो खिडकीशी बसला आणि झरी येईपर्यंत दोन बिड्या ओढल्या. मी धुराकडं तोंड करून बसले होते, कारण दुसरीकडं जागा नव्हती.

घरी आल्यावर सासूनं सगळं विचारून घेतलं. ती वाईट बाई नव्हती, एवढं तिच्या बाजूनं बोलते. पण तिचं डोकं तिच्याच वाटेनं चालायचं. नवऱ्याला साडेसाती होती तेव्हा त्याचे शनिवार मी धरले होते. त्याला कावीळ झाली तेव्हा त्याच्या नावाचा उपास मी केला होता. तेव्हा सासूच्या हिशेबानं हेही सोपं होतं. तिनं मला मारुतीच्या देवळात नेलं, हातावर पाणी सोडलं आणि माझ्याकडून वदवून घेतलं की आजपासून मी मिसरी सोडली, आणि नवऱ्याच्या बिडीचं पथ्यही माझ्याच खाती. म्हणजे पथ्य मी पाळायचं आणि गुण दोघांना यायचा. "नवऱ्याचं पथ्य बायकूनं धरलं तरी लागू पडतंय," ती म्हणाली. नवरा देवळाबाहेर चपला सांभाळत उभा होता. बिडी ओढत.

इथं माझीही एक गोष्ट लिहिली पाहिजे, नाहीतर मी मोठी शहाणी ठरेन. मी दोन महिने चोरून मिसरी लावली. गोठ्याच्या भिंतीतल्या खोबणीत पुडी लपवली होती. तिच्यावाचून सकाळी डोकं फुटायचं, हात कापायचे, पोट साफ व्हायचं नाही. रोज ठरवायची आज शेवटची. तिसऱ्या महिन्यात मात्र ती पुडी उकिरड्यात पुरली. देवाच्या भीतीनं नव्हे, त्या कणगीच्या भोकाच्या भीतीनं. सोडणं किती अवघड असतं हे मला कुणी शिकवायला नको. म्हणूनच नवऱ्यानं सोडायचा साधा प्रयत्नही केला नाही, याचा राग मला जास्त आला.

दोन वर्षं गेली. देवाला दिलेल्या शब्दाचा गुण आला नाही, तेव्हा सासूनं माझ्यात खोट असल्याचं पक्कं केलं. आणि एके दिवशी सकाळीच माझा बाप बोरीकडून आला. मी खूश झाले. पाण्याचा तांब्या दिला, चहा ठेवला. तो माझ्याकडं बघत नव्हता. ओसरीवर नवरा आणि तो समोरासमोर बसले, नवऱ्यानं कानावरची बिडी काढून त्याला दिली, स्वतःसाठी दुसरी काढली, एकाच काडीवर दोन्ही पेटल्या. चुलीपाशी मला सगळं ऐकू येत होतं.

माझी धाकटी बहीण मागितली होती. माझ्या नवऱ्यासाठी. ती सतरा वर्षांची, दहावीला बसलेली, गणितात हुशार. मला काढून टाकायचं नव्हतं म्हणे, मी घरात राहायचंच, फक्त वंश तिनं द्यायचा. सासू म्हणाली, परकी सवत आणून पोरीच्या छातीवर बसवण्यापेक्षा पाठची बहीण बरी. आणि माझा बाप म्हणाला, "खरंय. घरातल्या घरात ऱ्हाईल." जाताना तो म्हणाला, भाद्रपद संपला की बोलणी पक्की करू, तोवर पोरीला काही सांगत नाही.

तो गेल्यावर मी गोठ्यात जाऊन बसले. रडू आलं नाही. मला बापाचा राग आला, नवऱ्यापेक्षा जास्त. ती पोर माझ्या मांडीवर वाढली होती. तिलाही ह्याच कोंडलेल्या धुरात आणून ठेवायचं, तिच्याही पोटाला काही लागायचं नाही, आणि मग आमच्या दोघींच्या हातावर पाणी सोडून मारुतीला आणखी एक शब्द द्यायचा. मला हे सगळं समोर दिसत होतं, आणि ते थांबवायला माझ्याकडं काहीच नव्हतं. डॉक्टरीणबाईंचं बोलणं बापाला सांगून काय उपयोग. तो म्हणाला असता, शहरातली बाई, तिला काय कळतंय.

मग पेरणीचे दिवस जवळ आले आणि नेहमीसारखं मी आढ्यावरून कणसं उतरवली.

बी चोळताना मला ते सुचलं. मी नवऱ्याच्या बिडीची थोटकं गोळा करायला लागले. खाटेखालून, ओसरीच्या पायरीवरून, न्हाणीच्या कोपऱ्यातून. आठवड्यात एक डबा भरला. ती पाण्यात भिजवली, तर पाणी गुळाच्या काकवीसारखं काळं झालं आणि असं घाण मारायला लागलं की म्हशीनं मान फिरवली. बाप येणार त्याच्या चार दिवस आधी मी दोन गुंडाळ्या केल्या. बी तेच, एकाच घोसातलं, शंभर इथं आणि शंभर तिथं. एका बारदानावर विहिरीचं पाणी, दुसऱ्यावर थोटकांचं. सासूनं विचारलं, दोन कशाला? मी म्हणाले, दोन वावरांसाठी.

बाप आला, बसला. बिड्या पेटल्या. मी दोन्ही गुंडाळ्या घेऊन ओसरीवर गेले आणि दोघांच्या मध्ये त्या ठेवल्या. नवरा म्हणाला, हे आत्ता कशाला? मी गुंडाळ्या बापाकडं सरकवल्या. बापाला म्हणाले, "आबा, तुमी मोजा."

माझ्या बापानं जन्मभर बी मोजलेलं. त्यानं पहिली गुंडाळी उलगडली आणि बोट टेकवत मोजलं. चौऱ्याण्णव. कोंब पांढरे, बोटाच्या पेराएवढे. त्यानं मान हलवली, बेस आहे म्हणाला. मग दुसरी उलगडली. वास आला तसा त्यानं चेहरा मागं घेतला. बहुतेक दाणे फुगून काळे पडलेले, बुळबुळीत. जे उगवले होते त्यांचे कोंब पिवळे आणि वाकडे, टोकाला करपलेले. त्यानं तेही मोजले. अकरा.

"ह्ये बी कुटलं?"

"येकाच घोसातलं हाय. ह्याला जावयाच्या बिडीचं पानी घातलंय, थोटकं भिजवून. परभणीच्या बाईनं ह्यांना दोन वर्सांखाली तपासायला सांगितलं व्हतं. ह्यांनी तपासलं न्हाई. तुमी पेरायच्या आधी ज्वारी तपासता आबा, आन् पोरगी तशीच देता?"

नवरा उठून उभा राहिला. माझ्यावर हात उगारला असता, पण सासऱ्यासमोर ते बरं दिसलं नसतं. सासू दारातून म्हणाली, ही जादूटोणा करायली. बाप मात्र त्या बारदानाकडंच बघत होता. त्याच्या हातातली बिडी तशीच जळत होती, त्यानं ती ओढली नाही आणि टाकलीही नाही. मग तो म्हणाला, "जावईबापू, आधी तपासून या. कागद दाखवा. मंग बोलू."

ज्वारी म्हणजे माणूस नव्हे, हे मलाही कळत होतं. पोटात बिडीचं पाणी घालत नाहीत, बारदानातली गोष्ट अंगात तशीच्या तशी होत नाही. कुणी शिकलेला माणूस तिथं असता तर त्यानं मला खोडून काढलं असतं. पण माझ्या बापाला डॉक्टरची चिठ्ठी वाचता येत नव्हती, बारदान वाचता येत होतं. मी त्याला वाचता येईल असं लिहून दिलं.

नवरा चिडून, मला खोटं पाडायला म्हणून, परभणीला गेला. मधे दोन दिवस बंदमुळं एसट्या नव्हत्या, तेवढाच काय तो उशीर. कागद आला. डॉक्टरीणबाईंनी आम्हा दोघांना समोर बसवून वाचून दाखवला. बी फारच कमी, आणि जे आहे त्यातलं बरंचसं वाकडं, सुस्त. बाई म्हणाल्या, घाबरू नका, वय आहे, तीन महिने बिडी सोडा, पुन्हा बघू. त्यानं कागदाची घडी केली, खिशात घातली आणि तो कागद मी पुन्हा पाहिला नाही. बापाला त्यानं निरोप धाडला की आम्हालाच तुमची दुसरी पोरगी नको. माझी बहीण वाचली. पुढं ती पिंगळीत दिली, रेल्वेतल्या मुलाला. मंडपात बसण्याआधी तिच्या होणाऱ्या नवऱ्याचे दात मी स्वतः बघितले होते. लोक हसले. हसू देत.

बिडी त्यानं सोडली. अकरा दिवस. मी भिंतीवर कोळशानं रेघा ओढत होते म्हणून नक्की आठवतंय. बाराव्या दिवशी पारावरून आला तेव्हा वास आला आणि मी फडक्यानं रेघा पुसल्या. नंतर आणखी दोनदा सोडली, एकदा सहा दिवस, एकदा दीड. मला मिसरीचे ते दोन महिने आठवायचे आणि पहिल्या खेपेला मी गप्प राहिले. पुढं गप्प राहणं जमलं नाही. मी बोलायची, तो मारायचा, सासू मध्ये पडायची, आणि पुन्हा नव्या बंडलाचा कागद फाटायचा. अशी वर्षं गेली. दर तीन महिन्यांनी त्याच्या अंगात नवं पीक येत होतं आणि दर तीन महिन्यांनी तो ते जाळत होता. मी मात्र रोज कणगीतलंच खर्च करत होते.

सासू वारली. तिचं सगळं मी केलं. तिच्या जाण्यानं घरात दुसरी बाई उरली नाही, म्हणून पाळीत बाजूला बसणंही संपलं, कारण मग भाकरी कुणी टाकायची. त्यानंतर कधीतरी माझी पाळी पुढं-मागं व्हायला लागली. महिना चुकला तेव्हा मला वेडीला वाटलं, लागलं पोटाला. परभणीला एकटी गेले. डॉक्टरीणबाईंचे केस पांढरे झाले होते. तपासून त्यांनी सांगितलं की दिवस नाहीत, पाळी जायची वेळ आली आहे. मला छत्तिसावं चालू होतं. एवढ्या लवकर? त्या म्हणाल्या, काहींची अशीच जाते, पण लहानपणापासूनची मिसरी आणि एवढ्या वर्षांचा धूर यांनी हातभार लावला नसेल असं मी म्हणणार नाही. मी त्यांना नमस्कार केला आणि एसटीत येऊन बसले. वर्षभरात ती पूर्ण थांबली.

विद्यापीठाचं नाव शेवटी बदललं, तो हिवाळा. पारावर काही दिवस कुणी कुणाशी नीट बोलत नव्हतं. माझा नवरा पारावर जायचा थांबला होता, पण नावामुळं नव्हे. त्याला दम लागायचा. सरकारी दवाखान्यात छातीचा फोटो काढला होता, आणि तिथल्या तरुण डॉक्टरनं सांगितलं होतं की आणखी ओढलीस तर बैलामागं चालता येणार नाही. दिवाळीपासून त्यानं बिडीला हात लावला नव्हता. माझ्यासाठी अकरा दिवस, आणि स्वतःच्या छातीसाठी तीन महिन्यांच्या वर.

एका दुपारी तो परभणीहून आला तो ओसरीवरून हाक मारतच. मी पीठ मळत होते. त्याच्या हातात कागद होता. मला न सांगता तो तपासून आला होता. कधी नव्हे तो आनंदानं बोलत होता. सगळं बरोबर आलंय, तिथला माणूस म्हणाला, नव्या नवऱ्यासारखं. कागद त्यानं माझ्या पुढ्यात, पिठाच्या परातीशेजारी ठेवला.

"बघ. माज्यात खोट न्हाई. आता तू चल बाईकडं. अजून काय वय गेलं न्हाई आपलं."

मी कागद वाचला. माझा हात पिठाचा होता, म्हणून न उचलता, वाकून वाचला. मग म्हणाले, "माजी पाळी जाऊन दीड वर्स झालं."

त्याला ठाऊक नव्हतं. दीड वर्ष त्याच घरात, त्याच चुलीचं खाऊन, त्याच भिंतीशी झोपून त्याला ठाऊक नव्हतं. त्याचा हात कानाकडं गेला. तिथं काही नव्हतं.